सेंद्रिय खाणं सुरू करताय? मग क्रम चुकवू नका

ओळखीच्या निदान दहा घरांनी गेल्या काही वर्षांत मला सांगितलं, "आम्ही आता सेंद्रियवर गेलो." स्वयंपाकघरात गेलं की चित्र साधारण सारखंच दिसतं. एका फळीवर सेंद्रिय साखर, सेंद्रिय कुकीज आणि सेंद्रिय नूडल्स. खालच्या फळीवर नेहमीचा सॉस, सुपाची पाकिटं, कॉर्नफ्लेक्स, मुलांच्या दुधात घालायची चॉकलेटी पावडर. किराण्याचं बिल दीडपट झालेलं आणि ताटातलं खाणं होतं तसंच. चार महिन्यांनी तीच माणसं म्हणतात, काही उपयोग नाही, सगळं थोतांड आहे.

थोतांड नाही. क्रम उलटा लागलाय. आधी कारखान्यातलं पाकीटबंद खाणं कमी करायचं, मग वाचलेले पैसे निवडक सेंद्रिय मालावर लावायचे आणि तो माल नीट टिकवायचा. आमच्या सोसायटीत काही घरं मिळून वर्षाचं धान्य शेतकऱ्यांकडून घेतो. तिथे ज्या चुका पुन्हा पुन्हा होताना पाहिल्या, त्या समोर ठेवून हे टप्पे लिहिले आहेत.

सुरुवातीआधी: फायदा नेमका कुठून मिळतो

दोन फायदे वेगवेगळे आहेत, त्यांची गल्लत करू नका.

पहिला फायदा पाकीटबंद खाणं सोडण्याचा. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांच्या गटाने २० प्रौढांना चार आठवडे संस्थेतच ठेवून जेवू घातलं. हा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेलं अन्न, दोन आठवडे साधं शिजवलेलं. पुढे ठेवलेल्या अन्नातली साखर, चरबी, मीठ, तंतू दोन्हीकडे सारखे, आणि हवं तेवढं खायची मुभा. पाकिटातल्या अन्नावर माणसं दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती. दोन आठवड्यांत वजन सरासरी ०.९ किलो वाढलं. साध्या अन्नावर तेवढंच उतरलं. ते साधं अन्न सेंद्रिय असावं अशी अटही नव्हती.

दुसरा फायदा कीटकनाशकांचे अंश कमी पोटात जाण्याचा. सिएटलमध्ये २३ मुलांचं खाणं पाच दिवस सेंद्रिय केलं, तेव्हा त्यांच्या लघवीतले मॅलेथिऑन आणि क्लोरपायरिफॉसचे अंश न सापडण्याइतके खाली गेले. नेहमीचं खाणं सुरू झालं की ते परत दिसू लागले. २०१४ साली ३४३ शोधनिबंध एकत्र तपासले गेले, त्यात सेंद्रिय पिकांत कॅडमियम हा विषारी धातू कमी आणि काही अँटिऑक्सिडंट जास्त आढळले. त्याआधी २०१२ मध्ये स्टॅनफर्डच्या अभ्यासकांनी मात्र जीवनसत्त्वांत ठळक फरक नसल्याचं म्हटलं होतं.

सावधान: "सेंद्रिय खाल्लं की कॅन्सर होत नाही" असं सांगून माल विकणाऱ्यापासून लांब राहा. फ्रान्समधल्या एका मोठ्या पाहणीत सेंद्रिय खाणाऱ्यांत कॅन्सर कमी दिसला, ब्रिटनमधल्या त्याहून मोठ्या पाहणीत एकूण कॅन्सरमध्ये तशी घट दिसली नाही.

टप्पा १: सगळे डबे टेबलावर काढा

रविवारची सकाळ ठेवा. फळ्या, फ्रीज, ऑफिसच्या बॅगेतला खाऊ, मुलांचे लपवलेले पुडे, सगळं बाहेर काढा. घरात जो स्वयंपाक करतो आणि जो सामान आणतो, ते दोघंही हजर हवेत. एकाने परस्पर केलं की दुसरा पुढच्या आठवड्यात तेच घेऊन येतो.

आता चार ढीग करा. पहिल्यात शेतातून येतं तसं किंवा फक्त दळलेलं-कांडलेलं: धान्य, डाळी, भाज्या, फळं, दूध, अंडी, शेंगदाणे. दुसऱ्यात स्वयंपाकाला लागणारं: तेल, तूप, मीठ, साखर, गूळ. तिसऱ्यात विकत आणलेलं, पण घरी करता येईल असं: लोणचं, पापड, पनीर, साधा पाव. चौथ्यात उरलेलं, म्हणजे जे घरच्या सामानातून तुम्हाला कितीही ठरवलं तरी करता येणार नाही. ब्राझीलचे कार्लोस मॉन्टेरो यांनी मांडलेल्या नोव्हा वर्गीकरणाचंच हे घरगुती रूप आहे.

चौथा ढीग फेकू नका, वहीत उतरवा. कोणती वस्तू, महिन्याला किती, कोण खातं, कोणत्या वेळेला. ही "कोणत्या वेळेला"ची नोंद लोक हमखास गाळतात आणि तिसऱ्या टप्प्यात अडकतात.

तपासा: "सेंद्रिय" लिहिलेले पुडे तुम्ही डोळे झाकून पहिल्या ढिगात टाकलेत का? सेंद्रिय मैदा, सेंद्रिय साखर आणि पाम तेल वापरून कारखान्यात केलेलं बिस्किट चौथ्याच ढिगात जातं.

टप्पा २: पुड्याची मागची बाजू वाचा

पुढची बाजू जाहिरातीची असते. मागे घटकांची यादी असते आणि ती वजनाच्या उतरत्या क्रमाने देणं कायद्याने बंधनकारक आहे. म्हणजे पहिली तीन नावं वाचली की वस्तू काय आहे ते कळतं.

शेजारच्या काकूंनी मला एक बिस्किटपुडा दाखवला होता. वर नऊ धान्यांची चित्रं, बाजूला गव्हाची लोंबी. काकूंना मधुमेह आहे, म्हणून मुलाने मुद्दाम आणलेला. मागे बारीक अक्षरांत पहिलं नाव मैदा, दुसरं साखर, तिसरं पाम तेल. नऊ धान्यं पार खाली, कंसात ४ टक्के. काकू रोज सकाळी चहाबरोबर चार खात होत्या, साखर नियंत्रणात राहावी म्हणून. तेव्हापासून कोणी विचारलं की मी पहिल्यांदा पुडा उलटा करायला सांगते.

साखर वेगवेगळ्या नावांनी येते: इन्व्हर्ट सिरप, लिक्विड ग्लुकोज, डेक्स्ट्रोज, फळांचा कॉन्सन्ट्रेट. माल्टोडेक्स्ट्रिन चवीला गोड नसतं, पण रक्तात साखरेसारखंच भराभर उतरतं. ही तीन-चार ठिकाणी विभागून घातली की "साखर" हे नाव यादीत खाली सरकतं.

मिठासाठी "सोडियम" पाहा आणि अडीचने गुणा. ४०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे १ ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ ठेवायला सांगते. त्यातलं बरंचसं आपल्या भाजी-आमटीतच संपतं, त्यामुळे पाकिटाला फारशी जागा उरत नाही.

आकड्यांना उगाच घाबरू नका. ३३० म्हणजे लिंबातलं सायट्रिक आम्ल, ३०० म्हणजे क जीवनसत्त्व, ५०० म्हणजे आपला खायचा सोडा. ६२१, ६२७, ६३१ हे चव वाढवणारे. १०२, ११०, १२२ हे कृत्रिम रंग. चव वाढवणारे आणि रंग यांतले दोन-तीन एकत्र दिसले तर वस्तू चौथ्या ढिगात.

तपासा: माहिती "एका सर्व्हिंगला" दिली असेल तर सर्व्हिंग किती ग्रॅमचं ते बघा. एका पुड्यात तीन सर्व्हिंग असतात आणि पुडा एकटा माणूस संपवतो.

टप्पा ३: दिवसातली एकच वेळ बदला

सगळं एकदम बंद केलेलं घर तिसऱ्या आठवड्यात परत मूळ पदावर येतं, हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता त्यावर वाद घालत नाही. वहीतल्या नोंदी बघा. बहुतेक घरांत चौथा ढीग संध्याकाळी चार ते सात या वेळेत संपतो. मुलं शाळेतून येतात, मोठी माणसं कामावरून, भूक कडाडलेली आणि हाताशी पुडा. म्हणून सुरुवात तिथून करा.

या वेळेचं खाणं पाच मिनिटांत हातात पडलं पाहिजे, नाहीतर पुडाच जिंकतो. तयारी आदल्या दिवशी करायची:

१. भिजवलेले मूग, चणे किंवा मटकी उकडून फ्रीजमध्ये ठेवा. दोन दिवस टिकतात. कांदा, लिंबू, मीठ घातलं की खाणं तयार.

२. भाजके शेंगदाणे, फुटाणे, ज्वारीच्या लाह्या काचेच्या बरण्यांत, डोळ्यांसमोरच्या फळीवर. जिथे आधी बिस्किटं होती तीच जागा द्या.

३. थालीपिठाची भाजणी महिन्याची एकदम दळून आणा. गिरणीतून आणलेलं पीठ गरम असतं. परातीत पसरून पूर्ण निवल्याशिवाय डब्यात भरू नका, वास धरतो.

४. नाचणीचं सत्त्व किंवा सातूचं पीठ. नाचणीत १०० ग्रॅमला ३४० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. चॉकलेटी पावडरीच्या जागी मुलांना हेच देता येतं, फक्त पहिले पंधरा दिवस थोडा गूळ घालावा लागतो.

तीन आठवडे हीच वेळ सांभाळा. जमली की सकाळचा नाश्ता घ्या. पोहे, उपमा, घावन, आंबोळी येणाऱ्या घराला कॉर्नफ्लेक्सची गरज का लागावी, हे मला कधीच समजलं नाही.

सावधान: कडधान्यं आणि भरड धान्यं एकदम वाढवली तर पोट फुगतं. आठवड्याला थोडं थोडं वाढवा, पाणी जास्त प्या. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर खाणं बदलण्याआधी डॉक्टरांना सांगा. बिस्किटं-सरबतं बंद झाल्यावर तोच डोस जास्त होऊन साखर खाली जाऊ शकते. मूत्रपिंडाचा आजार असेल तर आहारतज्ज्ञांना विचारल्याशिवाय यातलं काही सुरू करू नका.

टप्पा ४: सेंद्रिय काय घ्यायचं, ते निवडा

इथे आल्यावरच सेंद्रियचा खर्च काढा. पाकिटं कमी झाल्याने वाचलेली रक्कम वहीत दिसेल, तीच तुमची मर्यादा.

पहिली पसंती पातळ सालीच्या आणि सालीसकट खाल्ल्या जाणाऱ्या गोष्टींना: द्राक्षं, टोमॅटो, सिमला मिरची, हिरवी मिरची, कोथिंबीर, मेथी, पालक, फ्लॉवर. द्राक्षांचं विशेष सांगते. युरोपला जाणाऱ्या आपल्या द्राक्षांची अवशेषांसाठी प्रयोगशाळेत तपासणी होते. २०१० साली क्लोरमेक्वाट या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशांमुळे तिथे माल अडकला होता. कोपऱ्यावरच्या गाडीवरच्या द्राक्षांची तशी तपासणी कोणी करत नाही. लहान मूल असेल तर पहिला पैसा इथे घाला.

दुसरी पसंती रोज पोटात जाणाऱ्या तांदूळ, गहू, ज्वारी आणि तूरडाळीला. केळी, नारळ, सीताफळ, कांदा, सुरण, सोललेले मटार नेहमीचे घेतले तरी चालतं.

आणि पावसाळ्यात रानभाज्या आणा. टाकळा, कुर्डू, फोडशी, भारंगी आपोआप उगवतात, त्यांना कोणी फवारत नाही. आदिवासी बायका टोपलीत घेऊन बसतात तिथून घ्या, निवडायची पद्धत त्यांनाच विचारा. शेवळं मात्र काकडाची आंबट फळं किंवा चिंच घातल्याशिवाय करू नका, घसा खाजतो.

टप्पा ५: माल आणि माणूस पारखा

बंद पाकिटावर हिरव्या रंगाचं "जैविक भारत" चिन्ह आणि १४ अंकी एफएसएसएआय परवाना क्रमांक शोधा. त्यामागे दोन व्यवस्था असतात. एक राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम, यात बाहेरची संस्था तपासते. दुसरी पीजीएस-इंडिया, यात शेतकऱ्यांचा गटच एकमेकांची शेतं तपासतो. "पीजीएस-इंडिया ग्रीन" लिहिलेलं असेल तर शेत अजून बदलाच्या काळात आहे, पूर्ण सेंद्रिय झालेलं नाही. हा काळ हंगामी पिकांना साधारण दोन वर्षांचा, फळझाडांना तीन वर्षांचा असतो.

"नॅचरल", "फार्म फ्रेश", "केमिकल फ्री", "गावरान" हे शब्द कोणीही छापू शकतं. "रेसिड्यू फ्री"चा अर्थ तर वेगळाच आहे: फवारण्या होतात, पण काढणीवेळी अंश ठरलेल्या मर्यादेत राहतील असा हिशेब ठेवलेला असतो. तो माल वाईट नाही, पण सेंद्रियच्या भावात घेऊ नका.

लहान शेतकरी स्वतः थेट विकत असेल तर त्याला प्रमाणपत्राची सक्ती नाही. अशा वेळी शेतावर जा आणि साधे प्रश्न विचारा. तणाचं काय करता? मावा कीड आली तर काय मारता? बांधापलीकडच्या शेतातला फवारा तुमच्याकडे येतो, तिथे काय लावलंय? खरं करणारा माणूस निंबोळी अर्क, दशपर्णी, चिकट सापळे, निंदणीची मजुरी यांवर अर्धा तास बोलतो आणि यंदा कोणतं पीक गेलं तेही सांगतो. "आमच्याकडे कीडच येत नाही" असं ऐकलं की मी उठते.

लाकडी घाण्याच्या तेलाला हिशेब लावून पाहा. एक लिटर शेंगदाणा तेलाला साधारण सव्वादोन ते अडीच किलो दाणे लागतात. पेंडीचे पैसे वजा करूनही दाण्याच्या भावापेक्षा तेल स्वस्त मिळत असेल तर त्यात दुसरं काहीतरी आहे.

सावधान: सेंद्रिय दाण्यालाही बुरशी लागते आणि तिच्यातून अफ्लाटॉक्सिन हे यकृताला घातक विष तयार होतं. घाण्याच्या तेलावर रिफायनिंग होत नसल्याने खराब दाण्यातलं विष तेलात राहू शकतं. घाण्यावर जाल तेव्हा पोत्यातले दाणे मुठीत घेऊन बघा. सुरकुतलेले, काळपट किंवा कडवट लागणारे असतील तर तेल न घेता परत या.

टप्पा ६: धान्य टिकवा

सेंद्रियवरचा विश्वास बहुतेकांचा इथेच उडतो, कारण दुसऱ्या महिन्यात तांदळात पोरकिडे दिसतात. नेहमीच्या धान्याला गोदामात धुरी दिलेली असते. सेंद्रियला रासायनिक धुरी चालत नाही. अंडी शेतातूनच दाण्यात आलेली असतात. किडे दिसले म्हणून माल खोटा ठरत नाही, आणि फक्त किड्यांवरून खराही ठरत नाही.

पहिल्या वर्षी आम्ही गहू दिवसभर गच्चीवर वाळवला आणि संध्याकाळी ऊन उतरायच्या आत घाईने पिंपांत भरला. दाणा आतून तापलेला होता. रात्रीतून पिंपाच्या आतल्या बाजूला पाणी सुटलं आणि पंधरा दिवसांत वरचा थर जाळी धरून बसला. दोन घरांचा चाळीस किलो गहू टाकावा लागला. शेतकऱ्याचं काहीही चुकलं नव्हतं, चूक आमची होती. तेव्हापासून हा क्रम मोडत नाही:

१. धान्य चाळा, निवडा.

२. दोन-तीन कडक उन्हं द्या. दाणा दाताखाली कट् आवाज करून तुटला पाहिजे; चेपला तर अजून ओल आहे. तांदळाला मात्र कडक ऊन देऊ नका, त्याची कणी होते, सावलीत पसरा.

३. रात्रभर घरात पसरून पूर्ण निवू द्या.

४. कोरड्या पिंपात भरा. मधेमधे सावलीत वाळवलेला कडुनिंबाचा पाला घाला. ओलसर पाला चालणार नाही.

५. तूरडाळीला किलोमागे चमचाभर एरंडेल चोळा. शिजवण्याआधी गरम पाण्याने धुवा.

६. पिंप जमिनीला टेकवू नका, खाली पाट ठेवा. भरल्याची तारीख चिकटवा आणि रोजच्या वापराचं धान्य वेगळ्या लहान डब्यात काढा, म्हणजे पिंप सारखं उघडावं लागत नाही.

जागा कमी असेल तर महिन्यापुरतंच घ्या. एक-दोन किलोची बंद पिशवी चार दिवस फ्रीजरमध्ये ठेवली की किड्यांची अंडी मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका, नाहीतर दाण्यावर दव धरतं.

सावधान: सवयीने बोरिक पावडर लावू नका, पारदाच्या गोळ्या टाकू नका. गहू आणि ज्वारी आपण न धुता दळतो, पावडर थेट भाकरीत येते. महाग सेंद्रिय ज्वारी घेऊन तिला बोरिक लावलेली घरं मी पाहिली आहेत.

टप्पा ७: धुवायचं सेंद्रियलाही

सेंद्रिय शेतात शेणखत असतं, माती असते, जंत असू शकतात. पालेभाजी आधी मोठ्या पातेल्यातल्या पाण्यात बुडवून हलवा, हाताने उचलून घ्या म्हणजे माती तळाशी राहते, पाणी बदलून पुन्हा. चाळणीत ठेवून वरून पाणी ओतलं की माती पानांतच अडकते. कच्ची कोशिंबीर करायची असेल तर तीन पाणी.

नेहमीच्या सफरचंद-टोमॅटोला लिटरभर पाण्यात १० ग्रॅम, म्हणजे साधारण दोन चमचे खायचा सोडा घालून पंधरा मिनिटं ठेवा, मग वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा. सफरचंदावर हे तपासलेलं आहे, वरवरचा अंश चांगला निघतो. आत मुरलेलं औषध कशानेही निघत नाही, म्हणून चौथ्या टप्प्यातली निवड महत्त्वाची. साबण किंवा भांड्यांचं लिक्विड भाजीला लावू नका.

टप्पा ८: या चार गोष्टी उत्साहात बिघडतात

मीठ: आयोडीनयुक्त मीठ बंद करून फक्त सैंधव सुरू करू नका. आयोडीन कमी पडलं की थायरॉईड बिघडतं, आणि गरोदरपणात बाळाच्या मेंदूच्या वाढीला ते लागतंच लागतं.

दूध: गोठ्यावरून आणलेलं दूध कितीही शुद्ध वाटलं तरी उकळूनच घ्या. कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिससारखे आजार येतात.

मध: एक वर्षाच्या आतल्या बाळाला चाटवू नका, घुटीतही नाही. बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचा धोका असतो.

गूळ: पिवळाधमक गूळ बहुधा हायड्रोस ही रंग उजळवणारी रासायनिक पावडर घालून केलेला असतो, म्हणून तपकिरी घ्या. पण गूळही बहुतांशी साखरच. चहात गूळ घालून कप वाढवले तर मधुमेह्याला तेवढाच त्रास.

टप्पा ९: तीन महिन्यांनी मोजा

"हलकं वाटतं" यावर थांबू नका. पहिल्या रविवारी कमरेचा घेर, वजन आणि रक्तदाब लिहून ठेवलेला असेल तर आता परत घ्या. मधुमेह असेल तर तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीए१सी चाचणी याच वेळी करा. त्याआधी केली तर जुने दिवस त्यात मिसळलेले असतात.

मग तेल मोजा. महिन्याला घरात किती तेल आलं, भागिले माणसं. अर्धा लिटरपर्यंत ठीक. माणशी लिटर निघालं तर पाकिटं गेली पण त्यांची जागा घरच्या तळणाने घेतली, असं समजा आणि तिसऱ्या टप्प्यातली यादी परत काढा.

शेवटी चौथा ढीग पुन्हा टेबलावर मांडा आणि पहिल्या वहीशी ताडून बघा. बहुतेक घरांत दोन-तीन वस्तू हटून बसलेल्या असतात. आमच्याकडे टोमॅटो सॉस गेला नाही. तो महिन्याला एक छोटी बाटली असा ठरवून ठेवला आहे, आणि बाटलीवर आणल्याची तारीख घातली आहे.